शेजारच्या घरचा नाताळ

आमच्या गावात नाताळला नाताळच म्हणतात. 'ख्रिसमस' हा शब्द टीव्हीवरून आला आणि मुलांच्या तोंडात बसला, पण मोठ्या माणसांना तो अजून परका वाटतो. गाव नगर जिल्ह्यातले, प्रवरेच्या पट्ट्यातले, चहूकडे ऊस. मुसलमानांची पंचवीसेक घरे आणि ख्रिस्ती मंडळींची त्याहून थोडी अधिक. मशीद आणि चर्च यांच्या मध्ये एक पिठाची गिरणी आहे. दोन्हीकडच्या बायका तिथेच भेटतात आणि गावातल्या निम्म्या सोयरिकींची चर्चा तिथेच होते.

मुंबईच्या किंवा वसईच्या वाचकांना नाताळ म्हटले की वेगळे चित्र दिसत असेल. आमच्याकडचे ख्रिस्ती अगदी इथल्या मातीतले आहेत. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला काम सुरू केले, पुढे खेडोपाडी शाळा निघाल्या. आमचे अब्बा अशाच एका मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकले. सकाळी मकतबमध्ये अलिफ-बे आणि दुपारी शाळेत बाराखडी. आज आमच्या घरात दोन पिढ्या उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत आहेत, त्याची सुरुवात त्या शाळेच्या ओसरीवर झाली, हे अब्बा आल्यागेल्याला सांगतात.

या मंडळींची उपासना मराठीतच चालते. टाळ, मृदंग, पेटी यांच्या साथीने भजने होतात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कितीतरी पदे इथल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ आहेत. टिळक आणि लक्ष्मीबाई काही वर्षे राहुरीला राहिले, त्यामुळे आमच्या भागात त्यांच्याविषयी घरच्या माणसासारखे बोलतात. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुरे केले, ही गोष्ट आम्ही वर्गात मुलींना मुद्दाम सांगतो. नवऱ्याने लग्नानंतर शिकवलेली बाई नवऱ्याचा ग्रंथ पुरा करते, याहून चांगला धडा पाठ्यपुस्तकात शोधून सापडणार नाही.

आणखी एक गंमत. आमच्या गावचे जुने ख्रिस्ती एकमेकांना भेटले की 'सलाम' म्हणतात. नवीन आलेली पोस्टातली बाई एकदा गोंधळून विचारत होती, "हे काका मुसलमान आहेत की ख्रिस्ती?" आम्ही म्हटले, "चोवीस डिसेंबरला कळेल."

कारण चोवीस तारखेला आमच्या शेजारच्या आजी दोन कोंबड्या पाय बांधून आमच्या अंगणात आणतात. "मास्तर, तेवढं बिस्मिल्ला करून द्या," असे अब्बांना सांगतात. अब्बा सुरी धुतात, किबल्याकडे तोंड करतात, जबिहा करतात. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जे रस्सा-भाकरीचे जेवण असते ते याच कोंबड्यांचे. ही रीत आजींच्या सासूने सुरू केली. अहले किताबचे जेवण आपल्याला हलाल आहे, हे सूरह माइदामध्ये आलेले आहे. त्यावर उलेमांच्या चर्चाही आम्हाला माहीत आहेत. पण त्या निरक्षर सासूबाईंनी चर्चेला जागाच ठेवली नाही. शेजाऱ्याच्या घासात शंका राहू नये म्हणून कोंबडीच त्याच्या दारी नेली.

पंचवीसला सकाळी ताट येते. करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, बेसनाचे लाडू आणि केकचा एक तुकडा. हा केक दुकानातला नसतो. आजी मोठ्या पातेल्यात वाळू तापवून त्यात डबा ठेवतात आणि झाकणावर निखारे टाकतात. खालून थोडा करपतोच. आम्हाला आता करपलेल्या कडेशिवाय केक गोड लागत नाही. ताटावर क्रोशाचा रुमाल असतो, आणि ते ताट आमच्याकडून रिकामे जात नाही. अम्मी म्हणायच्या, "खाली थाली वापस नै भेजते, बेटा." साखर, खजूर, काही नाही तर अंगणातली लिंबे. रस्सा करताना पाणी थोडे जास्त घाला आणि शेजाऱ्याला द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण अम्मींनी हदीसच्या पुस्तकात वाचली नव्हती, त्यांच्या आईच्या हातात पाहिली होती.

2000 साली नाताळ रमजानच्या अगदी शेवटी आला. रोजे चालू होते. आजींनी त्या वर्षी जेवण दुपारी ठेवलेच नाही. त्यांचे पाहुणे दुपारपासून चुळबूळ करत होते आणि आजी सांगत होत्या, "मास्तरांची अजान झाली की पानं मांडते." मगरिबनंतर सगळे एकत्र बसले. तीन दिवसांनी ईद झाली, तेव्हा शीरखुर्म्याचे पातेले त्यांच्याकडे गेले. 2015 मध्ये ईद-ए-मिलाद चोवीस डिसेंबरला, गुरुवारी आली आणि नाताळ शुक्रवारी. आमच्या पोरांनी जुलूससाठी आणलेल्या दिव्यांच्या माळा रात्री उतरवल्या आणि चर्चच्या चांदणीला लावल्या. कामट्या आणि पतंगी कागदाची ती चांदणीही आमच्याच गल्लीत चिकटवलेली होती, कारण खळ चांगली आमच्याकडे होते.

हे सगळे लिहिण्याचे कारण मात्र गेल्या नाताळात घडलेली गोष्ट आहे.

पुण्याला शिकणारा पुतण्या सुट्टीला आला होता. त्याने मोबाईलवर आलेला मजकूर दाखवला : नाताळच्या शुभेच्छा देणे म्हणजे ईमान गमावणे. मुलगा नेक आहे, पाचही नमाज सांभाळतो, म्हणून त्याला झिडकारणे आम्हाला बरोबर वाटले नाही. काही उलेमांचे मत तसे आहेच, हे आम्ही मान्य केले. काहींचे वेगळे आहे, तेही सांगितले. मग रात्री त्याच्याबरोबर सूरह मरियम वाचली. एकटी मरियम, खजुराच्या झाडाखाली प्रसूतीच्या वेदना, पायांशी झरा, खोड हलवल्यावर पडणारे ताजे खजूर. हजरत ईसा (अ.) अल्लाहचे पैगंबर आहेत, पुत्र नव्हेत, हा आपला अकीदा. आजींचा वेगळा आहे, आणि चाळीस वर्षांत त्यांनी किंवा आम्ही तो झाकलेला नाही. उपासनेला आम्ही बसत नाही. जेवायला बसतो. हबशाच्या ख्रिस्ती राजाने पहिल्या मुहाजिरांना आसरा दिला, तेव्हा हजरत जाफर यांनी त्याच्या दरबारात हीच सूरह ऐकवली होती. पुतण्या बराच वेळ गप्प होता. पटले असे तो म्हणाला नाही. आम्हीही विचारले नाही.

त्याच आठवड्यात पाळकसाहेब संध्याकाळी घरी आले. चहा घेतला, इकडचे तिकडचे बोलले, मग हळूच म्हणाले, "चाचा, यंदा गाणी घेऊन तुमच्या आळीत येत नाही म्हणतो."

दर वर्षी त्यांची टोळी रात्री घरोघर गाणी म्हणत फिरते. इशाची जमात उठेपर्यंत गिरणीपाशी थांबते आणि मग आमच्या गल्लीत शिरते. आम्हाला काही कळेना. तेव्हा त्यांनी सांगितले की, महिन्यापूर्वी बाहेरगावचे काही तरुण रविवारच्या उपासनेत घुसले, कोण नवीन आले आहे, कोणाला बाटवताय, अशी विचारपूस केली, फोनवर चित्रण केले. "आमचं आम्ही बघू. पण गाणी म्हणताना त्यांनी तुमच्या दारात चित्रण केलं तर तुमच्या पोरांना उगाच ताप. तुमच्यामागे आधीच काय कमी आहे?"

अब्बा बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "साहेब, तुम्ही आला नाहीत तर गाव विचारील, मुसलमानांच्या आळीत काय बिनसलं? त्याला आम्ही काय उत्तर द्यायचं?"

दोघेही एकमेकांना वाचवायला निघाले होते, आणि दोघांचेही बरोबर होते. भीती खोटी नव्हती. आमच्यापैकी काहींना मनातून वाटत होते की पाळकसाहेबांचेच ऐकावे. तरुण मुले घरात असली की असे वाटतेच. शेवटी अब्बांनी सरपंचांना आणि गिरणीवाल्या माळी काकांना बोलावून घेतले. सरपंच म्हणाले, "मी पण फिरतो त्यांच्याबरोबर. गाणं येत नाही, पेटी धरीन."

ते आले. नेहमीच्या तीस जणांऐवजी चौदा होते, पोरीबाळींना घरी ठेवले होते. सरपंच खरोखरच पेटीचे एक टोक धरून होते. दारात उभे राहून त्यांनी दोन गाणी म्हटली, आवाज थोडा दबका होता. दुसऱ्या गाण्यात आजींनी ओट्यावरून सूर मिळवला, तेव्हा जरा मोकळा झाला. पुतण्या आत होता. गाणे संपले तशी चहाची किटली आणि पेले घेऊन तोच बाहेर आला, कोणी सांगितले नव्हते. गल्लीच्या तोंडाशी एक मोटारसायकल थांबली, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. तो दूधवाला निघाला. त्यालाही चहा दिला.

या वर्षी काय होईल, ठाऊक नाही. पाळकसाहेबांनी गाण्यांचा सराव सुरू केला आहे, एवढे ऐकू येते.

परवा आजी लिंबे न्यायला आल्या होत्या. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते, म्हणून रमजान मागे मागे सरकतो, हे आम्ही त्यांना कॅलेंडर काढून समजावत होतो. 2031 चा नाताळ पुन्हा रमजानात येईल, असे सांगितले. त्यांनी बोटांवर आपले वय मोजले, मध्येच चुकल्या, पुन्हा मोजले.

"म्हणजे त्या वर्षी जेवण परत संध्याकाळी," त्या म्हणाल्या. "आधी सांगून ठेवा बरं का. आमच्या सुना दुपारीच पानं मांडतील."