ईजीआर व्हॉल्व्ह काढताना

डिझेल इंजिनातला धूर एक्झॉस्टमधून पूर्ण बाहेर जात नाही. ईजीआर व्हॉल्व्ह त्यातला काही भाग पुन्हा इनटेकमध्ये सोडतो. त्यामुळे ज्वलनाचे तापमान उतरते आणि नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात.

अंधेरी-घाटकोपर जोडरस्त्यावर साकीनाक्याच्या कोंडीत तासभर रखडणाऱ्या महिंद्रा थारला हीच सोय जाचते. कमी भारावर व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा राहतो. काजळी आणि क्रँककेसमधली तेलकट वाफ मिसळून डांबरासारखा चिकट थर बसतो. मग गाडी ओढत नाही, काळा धूर टाकते.

काम इंजिन थंड असतानाच करावे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटते, मग कनेक्टर किंवा व्हॅक्यूमची नळी, शेवटी बोल्ट. ईजीआर कूलरही काढायचा असेल तर कूलंट आधी काढून घ्यावे लागते. थर क्लीनर फवारून मऊ करावा. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडल्यास झडपेच्या बैठकीवर चरे पडतात.

काही गॅरेजवाले मात्र साफ करण्याऐवजी व्हॉल्व्हच्या वाटेत पत्र्याची चकती ठोकून मोकळे होतात. हा शहाणपणा महागात पडू शकतो. हवेचे माप जुळत नसल्याने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, चेक-इंजिनचा दिवा लावतो. पीयूसी तपासणीत डिझेलच्या धुराची फक्त घनता मोजतात, म्हणून गाडी पासही होते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) प्रमाणे 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 गाड्यांत तर धूरशुद्धीची यंत्रणा आणखी गुंतागुंतीची आहे.

साफ केलेला व्हॉल्व्ह नव्या गॅस्केटसह बसवावा.