मोडवी

नरकचतुर्दशीची पहाट. न्हाणीघरात बंब तापलेला, पाटाभोवती रांगोळी, वाटीत कोमट तेल, ताटलीत उटणे. सासूबाई हाकांवर हाका मारीत होत्या आणि आमची लेक काही केल्या पाटावर येऊन बसेना. २०१६ सालची ही गोष्ट. ती तेव्हा सोळा वर्षांची, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला. शेवटी मी आत गेले. ती आरशासमोर उभी होती. "आई, उटणं नको. आग होते," एवढेच म्हणाली. मी तिचा चेहरा दिव्याखाली धरून नीट पाहिला. गाल भाजल्यासारखे लाल, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ आणि तिच्यावर बारीक पुटकुळ्यांची दाटी.

हे दुखणे तिला मी दिले होते. ते कसे, हेच आज लिहायचे आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करायला हवी. १९८४ साली मी एसएसएलसीच्या वर्गात होते. आम्ही शहापुरात राहत होतो. भिंतीला भिंत लागून एक कानडी कुटुंब होते. तिथल्या अज्जी मला पाहताच विचारायच्या, "एनव्वा, मारी म्याले मोडवी?" मोडवी म्हणजे मुरुमे. माझ्या मराठी कानाला त्यात 'मोड' ऐकू यायचे. फडक्यात बांधलेल्या मटकीला मोड येतात तसे माझ्या गालांना आले आहेत, असे वाटे. धाकट्या भावाला हे कळल्यावर तो घरभर "उसळ, उसळ" म्हणून नाचायचा.

आजीचे निदान एकच, उष्णता. म्हणून शेंगदाणे बंद, गूळ बंद, आंबा तर नावालाही नाही. रात्री दुधात उगाळलेले जायफळ, सकाळी मसुराचे पीठ. मैत्रिणींनी टूथपेस्ट सुचवली, कोणी लिंबू चोळायला सांगितले. राहिलेले काम माझ्या नखांनी केले. मुरुमे गेली, खड्डे राहिले. १९९० साली मला बघायला आलेल्या मंडळींतल्या एक बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो, पण चेहरा..." त्यांनी वाक्य तिथेच सोडले. ते अर्धे वाक्य मी पुढची पंचवीस वर्षे मनातल्या मनात पुरे करीत राहिले.

म्हणूनच लेकीच्या कपाळावर पहिले मुरूम दिसले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. आपल्यासारखे हिचे व्हायला नको, एवढाच ध्यास. शाळेच्या स्टाफरूममध्ये एका सहकारी बाईंनी एका क्रीमचे नाव सांगितले. औषधाच्या दुकानात चिठ्ठी कोणी मागितली नाही, मीही विचारले नाही. आठ दिवसांत चेहरा लख्ख! नातेवाईक विचारू लागले, पोरीला काय लावतेस? मला धन्य वाटले. दोन दिवस क्रीम चुकले की मुरुमे दुपटीने यायची, लावले की बसायची. असे सहा महिने चालले. पाच ट्यूब मी स्वतः आणून दिल्या.

दिवाळी उरकताच आम्ही त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. दवाखान्याची पाटी कानडीत, आतले बोलणे मराठीत, औषधाची चिठ्ठी इंग्रजीत. आपल्याकडे सगळीकडे असेच. डॉक्टरांनी ट्यूब मागितली आणि तिच्यावरच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवले. "हे नाव वाचलं होतं का?" मोमेटासोन. ते स्टेरॉइड होते. शेजारी हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. तीन भाषांच्या गावात जन्म गेला, दोन भाषा मी शाळेत शिकवते, आणि लेकीच्या तोंडाला सहा महिने लावलेल्या औषधाचे नाव मी वाचले नव्हते.

त्यांनी समजावून सांगितले. स्टेरॉइड सूज आणि लाली दाबते, म्हणून आठ दिवसांत चमत्कार दिसतो. मूळ दुखणे तसेच राहते. कातडी मात्र पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि स्टेरॉइडच नवी मुरुमे उठवते. बंद करावे तर आग होते, म्हणून माणूस पुन्हा ट्यूबकडे वळतो. त्वचेवर लावायच्या अशा अनेक स्टेरॉइडांना सरकारने २०१८ मध्ये शेड्यूल एचमध्ये घातले. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. कायदा झाला, पण मागणारे हात आपलेच असतात.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मला माझ्या वेळी कोणाला विचारता आला नव्हता. "मुरुमं येतात तरी का?"

उत्तर साधे होते. कातडीतल्या केसांच्या मुळांशी तेलाच्या ग्रंथी असतात. वयात येताना शरीरातली अँड्रोजेन जातीची संप्रेरके वाढतात, मुलींतसुद्धा, आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मेलेल्या पेशी नीट गळून न पडता एकमेकींना चिकटतात आणि बूच बसते. आत तेल साठते. एरवी कातडीवर गुण्यागोविंदाने राहणारे जंतू तिथे माजतात, शरीर त्यांच्याशी झगडू लागते आणि फोड लाल होऊन ठणकतो. आईवडिलांना त्रास झाला असेल तर मुलांना होण्याची शक्यता अधिक. छिद्राच्या तोंडाशी दिसणारा काळा ठिपका ही धूळ नव्हे. बुचातले रंगद्रव्य आणि तेल हवा लागून काळे पडते. मी खजील झाले. "तोंड नीट धुतेस का?" असे मी लेकीला दिवसातून चार वेळा विचारीत असे. तोंड दोनदा, साध्या सौम्य साबणाने धुतले तरी पुरे. घासल्याने दुखणे वाढते. पाटावरून ती उठून गेली ते बरोबरच होते.

आजीच्या उष्णतेचे काय? शेंगदाण्यांवरचा आरोप सिद्ध झालेला नाही. मात्र साखर, मैदा यांसारखे रक्तातली साखर चटकन वाढवणारे पदार्थ आणि काही जणांत दूध, यांचा संबंध दिसतो. "म्हणजे बेळगावात राहून कुंदा सोडायचा?" लेकीने विचारले. कुंद्यात दूध आणि साखर दोन्ही! डॉक्टर हसल्या. "खा, पण डबा संपवू नकोस." डोक्याला थापलेले तेल रात्रभर कपाळावर ओघळले तरी छिद्रे बुजतात, हेही सांगितले. पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर राठ केस येतात का, हे त्यांनी मुद्दाम विचारले. तसे असेल तर बीजकोशांची तपासणी करावी लागते.

क्रीम बंद केल्यावरचे तीन आठवडे आठवले की अजून अंगावर काटा येतो. चेहरा पेटल्यासारखा व्हायचा. लेक कॉलेजात गेली नाही, गच्चीवरसुद्धा आली नाही. घरातला आरसा मी काढून ठेवला तर म्हणाली, "आरसा नको काढू, आई. तू फक्त बघत राहू नकोस." तिला माझी नजर सोसत नव्हती.

कातडी शांत व्हायला चार महिने लागले. मग खरा इलाज सुरू झाला. रात्री कोरड्या चेहऱ्यावर मटारच्या दाण्याएवढे अॅडापॅलिन. ते मुरुमावर टिपायचे नसते, सगळ्या चेहऱ्याला लावायचे असते. सुरुवातीला एक दिवसाआड, कारण कातडी सुटते आणि पहिले काही आठवडे त्रास वाढल्यासारखाही वाटतो. सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड. त्याने आमच्या निळ्या टॉवेलांवर पांढरे डाग पडले, ते टॉवेल अजून आहेत. उन्हात जाताना सनस्क्रीन. "तीन महिने मला काही विचारायचं नाही," डॉक्टरांनी बजावले. आठ दिवसांत गुण मागणारी मी, तीन महिने दिवस मोजीत बसले.

गुण आला, पण खोल गाठी राहिल्या. तेव्हा आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांचे ठरले. त्या देण्यापूर्वी डॉक्टरांनी माझ्यादेखत लेकीला सांगितले की हे औषध चालू असताना आणि थांबवल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये. राहिला तर बाळात गंभीर व्यंग येते. मला संताप आला. सतरा वर्षांच्या पोरीशी हे काय बोलणे? डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "ताई, हे मी प्रत्येकीला सांगते. न सांगणं हा गुन्हा होईल." चाचणी झाली, यकृत आणि चरबीसाठी रक्त तपासले. पुढचे सात महिने तिचे ओठ फुटलेले असायचे. पण गाठी विरल्या.

उरलेल्या काळ्या डागांसाठी सॅलिसिलिक आम्लाचे चार पील झाले. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर आम्ल किंवा लेसर चुकीच्या हाताने पडले तर डाग अधिकच गडद होतात. म्हणून ते काम त्वचारोगतज्ज्ञाकडेच करावे, ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे.

शेवटच्या भेटीत लेक अचानक म्हणाली, "आता आईचं बघा." मी नाही म्हटले. पुढे २०२२ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, गेले. खड्ड्यांना क्रीम चालत नाही. बधिर करणारे मलम लावून पाऊण तास बसवतात, मग बारीक सुयांनी कातडीला टोचण्या देतात. त्या जखमा भरताना आत नवे कोलॅजन तयार होते आणि खड्डा थोडा वर येतो. महिन्याच्या अंतराने चार वेळा झाले. दोन-दोन दिवस तोंड लाल. खड्डे गेले नाहीत, उथळ झाले. सासूबाईंनी विचारले, "या वयात काय लावूलैस गे तोंडाला?" मला उत्तर देता आले नाही. एवढे खरे की आता फोटो काढताना मी मान वळवत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी तोंडाला ओढणी गुंडाळून बसू लागली. मधल्या सुट्टीत मी तिला बाजूला घेतले आणि काय लावतेस ते घेऊन ये म्हटले. दुसऱ्या दिवशी तिने दप्तरातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली ट्यूब काढली. मी चष्मा लावला आणि आम्ही दोघींनी मिळून एकेक अक्षर वाचले. बीटामेथासोन.

"कोणी आणून दिली?"

"आईनं," ती खाली मान घालून म्हणाली.

"उद्या आईला शाळेत घेऊन ये," मी म्हटले. "बाई रागावणार नाहीत म्हणून सांग. बाईंनीसुद्धा आणून दिली होती."