वारा लागू दे

माझ्या मॉडबद्दल आलेली पहिली तक्रार एका ओळीची होती: "भिंत आपोआप रंग बदलते, दुरुस्त करा." दुसरी जरा सविस्तर होती. कुणीतरी दोन दिवस खपून किल्ला बांधला होता. त्याच्या मित्राने बाहेरचा थर टिकावाने फोडला आणि आतली सगळी भिंत माती उपसावी तशी फावड्याने उपसून काढली. सोबत स्क्रीनशॉट होता. किल्ल्याला भगदाड, भगदाडात मित्र, मित्राच्या हातात फावडं.

दोघांनी लिहिलेलं अगदी बरोबर होतं. पण मी दुरुस्त काही केलं नाही, कारण हे असंच व्हावं म्हणून तर तो मॉड लिहिला होता.

खेळाचं नाव लुआंटी. माइनक्राफ्ट तुम्हाला ठाऊक असेल: ठोकळ्यांचं जग, खणा, रचा, मोडा, पुन्हा रचा. लुआंटी त्याच जातीचा, पण फुकट आणि मुक्त. फिनलंडच्या पर्टू अहोला या प्रोग्रामरने २०१० साली तो सुरू केला. २०२४ पर्यंत त्याचं नाव माइनटेस्ट होतं. नव्या नावात 'लुआ' ही प्रोग्रामिंगची भाषा आहे आणि निर्मिती या अर्थाचा 'लुओंती' हा फिनिश शब्दही. जुन्या लॅपटॉपवर चालतो, साध्या अँड्रॉइड फोनवरही चालतो. मला तो आवडला, कारण खरं तर त्यात खेळ असा नाहीच. आहे ते इंजिन. दगड, माती, झाड, पाणी हे सगळं कुणी ना कुणी लुआमध्ये लिहून वर चढवलेलं. माइनक्राफ्टमध्ये मॉड म्हणजे तयार घराला वरून काढलेली पडवी. इथे जोत्यापासून सगळं मॉडच.

आणि मॉड म्हणजे तरी काय? एक फोल्डर. त्यात 'इनिट' नावाची लुआची फाइल आणि चित्रांचं एक उपफोल्डर. एक चित्र सोळा बाय सोळा पिक्सेलचं, म्हणजे २५६ ठिपके. एका ठोकळ्याची नोंदणी करायला दहा-बारा ओळी पुरतात: नाव काय, दिसतो कसा, कशाने फुटतो. मऊ गटात टाकला तर फावड्याने निघतो, कठीण गटात टाकला तर टिकाव लागतो.

मी सिंधुदुर्गातला. ठोकळ्यांच्या जगात आपलं काहीतरी घालावं असं वाटलं तेव्हा दुसरं काही सुचलंच नाही, कारण आमच्याकडे जमिनीखालीच ठोकळे असतात. जांभा. त्याचे चौकोनी तुकडे काढले की चिरे. घर चिऱ्याचं, विहीर चिऱ्याची, परड्याभोवतीचा गडगा चिऱ्याचा. माझे आजोबा तरुणपणी चिरेखाणीवर होते. मशीन यायच्या आधीची गोष्ट. तेव्हा हाताने चिरे काढत.

जांभ्याची एक गंमत आहे. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, अवजाराने सहज कापता येतो. उघड्यावर राहिला, वाळला, की आतली लोहाची संयुगं घट्ट होतात आणि दगड कडक होतो. फ्रान्सिस बुकॅनन नावाचा इंग्रजांच्या नोकरीतला डॉक्टर मलबारात फिरला. अंगाडिपुरमजवळ त्याने लोकांना हा दगड विटांसारखा कापताना पाहिलं आणि १८०७ साली छापलेल्या प्रवासवर्णनात त्याला 'लॅटेराइट' असं नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लेटर' म्हणजे वीट. आजोबांना बुकॅनन माहीत असण्याचं कारण नाही. त्यांचं म्हणणं एवढंच होतं: "ताजो चिरो लगेच लावूचो नाय झिला. वारो लागांदे त्याका."

हे वाक्य मी कोडमध्ये लिहिलं. मॉडमध्ये ठोकळे दोन, ताजा चिरा आणि पक्का चिरा. ताजा फावड्याने निघतो, रंगाने पिवळट-गुलाबी. त्याच्या शेजारी हवा असेल तर कधीतरी तो पक्का होतो, गडद तांबडा, आणि मग टिकावाशिवाय फुटत नाही. लुआंटीत यासाठी सोय आहे. ठरावीक सेकंदांनी इंजिन आजूबाजूचे ठोकळे तपासतं आणि तुम्ही दिलेल्या शक्यतेप्रमाणे त्यातले काही बदलतं. 'शेजारी हवा हवी' ही अट एका ओळीत लिहिता येते. सगळे चिरे एकदम बदलत नाहीत, एक इथे, एक तिथे. भिंत काही काळ ठिपक्याठिपक्यांची दिसते. मला तेच हवं होतं.

यात एक सोय अशी आहे की मी ती वाचली आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो. खेळाडू दूर गेला की तिथलं जग गोठतं, तिथे काहीच घडत नाही. पण तो परत आला की इंजिन गेलेल्या वेळाचा हिशेब करून बदलाची शक्यता काही काळ वाढवतं. म्हणजे तुम्ही चार दिवसांनी आलात तर चिरे भराभर पक्के होऊ लागतात, तुम्ही नव्हतात तेवढ्या काळाची भरपाई केल्यासारखे.

आता किल्ल्याचं. भिंत एका चिऱ्याच्या जाडीची असेल तर प्रश्न नाही, दोन्ही बाजूंनी वारा लागतो. पण पाच चिऱ्यांची जाड भिंत ताज्या चिऱ्यांनी एका दमात रचली, तर आतल्या चिऱ्यांच्या शेजारी हवाच नाही. ते कायम मऊ राहणार. उपाय साधा आहे. आधी चिरे मोकळे मांडून ठेवा, पक्के होऊ द्या, मग रचा. मॉडच्या वर्णनात हे लिहिलं होतं. वर्णन कोण वाचतं!

मागणी अशी आली की हे वागणं बंद करता येईल असा पर्याय द्या आणि मुळात तो बंदच ठेवा. पर्याय मी दिला. मुळात बंद ठेवणं मात्र नाकारलं. ज्याला नको त्याने सेटिंगमध्ये जाऊन बंद करावं. ज्याने काहीच केलं नाही, त्याच्या जगात चिऱ्याला वारा लागलाच पाहिजे. एकाने लिहिलं, खेळात थांबायला कशाला लावतोस, थांबायला खरं जग आहे की. मुद्दा बिनतोड आहे. मी तरी ऐकलं नाही.

मग कुणीतरी वेगळाच मार्ग काढला. माझा मॉड उचलला, पक्कं होण्याचा सगळा भाग कापून टाकला, चिऱ्याला पंधरा-वीस रंग दिले आणि आपल्या नावाने ठेवला. गुलाबी जांभा, निळा जांभा. तक्रारीला जागा नव्हती. कोड मी एलजीपीएलखाली दिला होता, चित्रं क्रिएटिव्ह कॉमन्सच्या अशा परवान्याखाली की कुणीही घ्यावं, बदलावं, विकावंही. फक्त मूळ कुणाचं ते सांगावं आणि पुढच्यालाही तीच मोकळीक द्यावी. त्याने ते चोख केलं होतं. वाचा-मला फाइलमध्ये माझं नाव होतं, दुवा होता. त्याचा मॉड माझ्यापेक्षा जास्त लोकांनी उतरवला. मला राग आला का? आला. निळ्या जांभ्याचा आला. आजोबांचं वाक्य तेवढं काढून टाकायचं आणि दगड ठेवायचा, याचा आला.

पण मॉडच्या जगात हे असंच चालतं आणि बऱ्याच चांगल्या गोष्टी अशाच झाल्यात. सायबर कॅफेत ज्याने आपल्या आधीच्या पिढीची दहावी धोक्यात आणली तो काउंटर-स्ट्राइक १९९९ साली 'हाफ-लाइफ'चा मॉड म्हणून सुरू झाला. पबजी तर मॉडचा मॉड. 'आर्मा २'वर कुणी 'डेझी' केला, 'डेझी'वर ब्रेंडन ग्रीनने शेवटचा उरेल तो जिंकेल असा प्रकार केला, आणि त्यातून पुढे २०१७ चा पबजी. प्रत्येक पायरीवर कुणीतरी आधीच्याचं काहीतरी काढून टाकलं असणारच.

उलट टोकाचं उदाहरण बकिटचं. माइनक्राफ्टचे असंख्य सर्व्हर ज्यावर चालत ते 'क्राफ्टबकिट' स्वयंसेवकांनी लिहिलेलं होतं. २०१४ च्या सप्टेंबरात त्यातल्याच एका प्रोग्रामरने कॉपीराइटची नोटीस पाठवली: माझा कोड जीपीएलखाली आहे, तुम्ही तो माइनक्राफ्टच्या बंद कोडबरोबर वाटताय, ते चालणार नाही. फायली खाली उतरल्या. त्याच महिन्यात मायक्रोसॉफ्टने माइनक्राफ्टची कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेण्याची घोषणा केली. त्या प्रोग्रामरची बाजू मला समजते. पण ज्या पोरांचे सर्व्हर अधांतरी राहिले त्यांचीही समजते, आणि मला वाटतं जास्त समजते. आपण वाटलेल्या गोष्टीवर लोक घरं बांधतात. मग ती गोष्ट परत मागता येते का? कायद्याने कदाचित येत असेल.

लुआंटीत हे डोळ्यांना दिसतं. मॉडमधून एखादा ठोकळा काढून टाकला, तर लोकांच्या जगांत तो जिथे जिथे होता तिथे 'अनोळखी ठोकळा' असा चौकोन उभा राहतो. मला मध्यंतरी नावं बदलायची होती. सुरुवातीला 'लॅटेराइट' ठेवलेलं, ते 'चिरा' करायचं होतं. त्यासाठी टोपणनावांची सोय आहे: जुनं नाव दिसलं तर नवं समज. माझ्या फाइलच्या तळाशी आता अशी एक यादी आहे. खेळणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. पण ती काढली तर कुठल्याशा देशातल्या कुणाची तरी जिन्याची पायरी अनोळखी होईल. म्हणून परीक्षा असो, नोकरी असो, लुआंटीची नवी आवृत्ती आली की मी अर्धी रात्र जागून मॉड चालतो का ते पाहतो. याचे पैसे मिळत नाहीत. आई विचारते, मग कशाला? 'यादी आहे ना' हे तिला सांगता येत नाही.

नाव 'चिरा' केलं तेही रोमन लिपीत. देवनागरी घालून पाहिली होती. जोडाक्षरं आणि वेलांट्या जुळवणारी यंत्रणा तेव्हा त्या खेळात नव्हती. 'पक्का चिरा'तली वेलांटी 'च'च्या मागे जाऊन बसली आणि 'क्क'चे दोन तुकडे झाले.

एका सर्व्हरवर मी पाहुणा म्हणून गेलो होतो. तिथे माझा मॉड होता, मी कोण ते कुणाला माहीत नव्हतं. एका खेळाडूच्या घरामागे सपाट अंगण होतं आणि त्यात ताजे चिरे मांडलेले, प्रत्येकाच्या चारी बाजूंना एकेक ठोकळा जागा सोडून. रांगाच्या रांगा, अर्धे पिवळट, अर्धे तांबडे. कुडाळकडे रस्त्याच्या कडेला चिऱ्यांचे ढीग दिसतात, पण हे त्याहून नेटकं होतं. मी चॅटमध्ये विचारलं, हे काय? उत्तर आलं: "वाळायला ठेवलेत. हात लावू नकोस."

आजोबांना मी फोनवर ते चित्र दाखवलं. त्यांना खेळात रस नाही. त्यांनी स्क्रीन डोळ्यांजवळ नेली आणि म्हणाले, "मधी इतकी जागा कित्याक सोडल्यान? जागा फुकट गेली."

अलीकडे दोन गोष्टी आल्या. एका मल्याळी मुलाने भाषांतराची फाइल पाठवली. त्यांच्याकडे चिऱ्याला 'वेट्टुकल्लु' म्हणतात, कापलेला दगड. तीही रोमन लिपीत घ्यावी लागली. आणि कुणा अनोळखी माणसाने शेवाळ पाठवलं. चाळीसेक ओळींचा कोड, पक्क्या चिऱ्यावर हळूहळू हिरवं चढत जाणारं. चित्र माझ्यापेक्षा चांगलं काढलेलं. फक्त ते चारी बाजूंनी सारखंच चढत होतं.

मी त्याला लिहिलं की आमच्याकडे असं नसतं. पाऊस नैऋत्येकडून येतो, त्या बाजूच्या भिंतीवर झड बसते. लोक मिरगाच्या आधी तिथे माडाच्या झावळ्यांची झापं बांधतात. शेवाळ आधी तिथे, मग बाकीकडे. त्याने विचारलं, ते ठीक, पण या जगात नैऋत्य कुठे? लुआंटीत अधिक झेड म्हणजे उत्तर आणि अधिक एक्स म्हणजे पूर्व. मी उत्तर दिलं: पाऊस उणे एक्स आणि उणे झेडकडून येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने बदल पाठवला होता.