पग आईला रिपोर्ट देत नव्हता!

आठवतोय ना तो हचचा पग? २००३ मध्ये टीव्हीवर आला आणि सगळ्यांना वेड लावून गेला. एक छोटा मुलगा मजेत भटकतोय आणि हा सुरकुतल्या तोंडाचा कुत्रा त्याच्या मागे मागे. तुम्ही कुठेही जा, आमचं नेटवर्क पाठोपाठ आहेच, असा सगळा फंडा. गंमत म्हणजे जाहिरात मोबाइलची, पण मुलाच्या हातात मोबाइल नव्हताच! लक्षात राहिले ते मुलगा, कुत्रा आणि मोकळा रस्ता.

पुढे जाहिरातींतली मुलं हायटेक झाली. २०१७ मध्ये अ‍ॅपलच्या जाहिरातीतली मुलगी आयपॅड घेऊन दिवसभर शहरात हुंदडली. शेजारणीने कॉम्प्युटरचं विचारलं, तर हिचा उलट सवाल, कॉम्प्युटर म्हणजे काय? एकदम कूल! २०२० मध्ये व्हाइटहॅट ज्युनिअरच्या जाहिरातींत तर कोडिंग शिकून कोट्यवधींची नोकरी पटकावणारा 'वुल्फ गुप्ता' अवतरला. असा मुलगा प्रत्यक्षात नव्हताच. त्याच वर्षी अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलने कंपनीला पाच जाहिराती मागे घ्यायला सांगितलं.

म्हणजे आधी भटकणारं मूल, मग कुणावाचून न अडणारं, मग थेट कमावतं! आणि आपल्या घरातलं?

माझी आठ वर्षांची भाची पुण्यात राहते. तिच्या मनगटावर जीपीएसवालं घड्याळ आहे. खोक्यावर फोटो काय, तर पाठीला दप्तर लावून एकटीच निघालेली हसरी मुलगी. प्रत्यक्षात ही सोसायटीच्या गेटबाहेर पडली की ताईचा फोन वाजतो. ताईला नावं ठेवणार नाही मी. दोघंही हिंजवडीत नोकरीला, घरी आजी-आजोबा नाहीत, रस्त्यावर टँकर आणि दुचाक्या. तिचं टेन्शन खरंच आहे.

मागच्या महिन्यात मी तिच्याकडे होते. कोथिंबीर संपली होती. भाची म्हणाली, "मी आणते. पण मावशी, घड्याळ तू ठेव ना. आई सारखी फोन करते, मग पैसे मोजताना चुकतं माझं."

मी ताईकडे बघितलं. ताई माझ्याकडे. "जा. रस्ता ओलांडायचा नाही," एवढंच म्हणाली आणि थेट बाल्कनीत जाऊन उभी राहिली. भाजीवाला गेटच्या बाहेरच, चौथ्या मजल्यावरून स्पष्ट दिसणारा. भाचीने जुडी निवडली, नोट दिली, सुट्टे पैसे मोजले. सात मिनिटांत घरी! वर फुकटचा कढीपत्ता. "मी मागितला आणि त्यांनी दिला," हे तिने आम्हाला तीनदा ऐकवलं.

त्या सात मिनिटांत ताईच्या मोबाइलवरचा ठिपका घरातच होता, माझ्या हातात. आणि मुलगी खरोखर बाहेर होती.

घड्याळ वाईट नाही हो. शाळेची बस उशिरा आली की तेच कामाला येतं. पण जाहिरात विकते ते मुलाचं स्वातंत्र्य, आणि आपण विकत घेतो ती आपली निश्चिंती. दोन्हींची गरज आहे, फक्त त्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. म्हणूनच तो पग आवडायचा. सोबत असायचा, पण घरी चुगली करायचा नाही.

ताईकडे आता दर रविवारी कोथिंबीर संपते. आदल्या दिवशीच आणलेली असली, तरीही.