इन्स्पेक्टरचे कलम

गोव्यात जत्रा-उत्सवांच्या दिवसांत देवळाच्या प्राकारात हौशी मंडळींची मराठी नाटके होतात. सामाजिक नाटक असले की शेवटच्या अंकात एखादा इन्स्पेक्टर येतो आणि "कलम ३०२ खाली तुला अटक करतो" असे म्हणून टाळ्या घेतो.

पण १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचे कलम आता १०३. नव्या संहितेतले ३०२ आहे धार्मिक भावना दुखावणारे शब्द उच्चारण्याबद्दल. फसवणूक ३१८ मध्ये गेली. 'चारशेवीस' तर उरलेच नाही, नवी संहिता ३५८ कलमांतच संपते.

मग जुन्या नाटकांतले संवाद बदलायचे का? मला वाटते, नको. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्याला जुनेच कलम लागते. १९८० सालच्या कथेतला खून ३०२ चाच. आजच्या कथेत मात्र १०३ हवे.

खरे तर बदलायला हवा तो दुसराच संवाद. तक्रार घेऊन आलेल्या बाईला हवालदार सांगतो, "हे आमच्या हद्दीत येत नाही," आणि प्रेक्षक हसतात. त्याच दिवशी लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, त्याची माहिती पोलीस ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. आपल्यातल्या कित्येकांना कायदा भेटला तो पुस्तकात नव्हे, रंगमंचावर. नाटकातल्या बाईने "घ्यावीच लागेल" असे ठणकावले, तर समोर बसलेली एखादी बाई ते लक्षात ठेवील.