आकारी पड

भिवंडीला प्रोसेस मिलमध्ये मी रंगखात्यात आहे. आठवडाभर तिथंच झोपतो, सुटीला कांदिवलीला येतो. दामूनगरच्या चढावर आमची खोली, मागं डोंगर. पाऊस तोंडावर आला की गल्लीत वर्गणी निघते. वरचे सुटलेले दगड उतरवायचे, गटार मोकळं करायचं. जमीन आमची नाही. ज्यांची आहे ती खाती एकमेकांकडे बोट दाखवतात. दगड बोट बघून थांबत नाही, म्हणून आम्ही शंभर-शंभर काढतो.

यंदा वर्गणीला नोटा काढताना बा म्हणाला, "हितंबी आपुन, तितंबी आपुनच."

तितं म्हणजे माण तालुक्यातलं गाव आणि तिथली आमची हाडकी. मित्रांनो, हाडकी म्हणजे महारकीच्या बदल्यात मिळालेला तुकडा. त्या तुकड्यापायी पिढ्या राबल्या. 1928 मध्ये बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल मांडलं, ते ही वेठ सुटावी म्हणून. वतन गेलं 1958 च्या कायद्यानं. जमीन सरकारजमा, आणि आकाराच्या पटीत पैसे भरील त्याला परत. आज्यानं आजीचे वाळे मोडून पैसे भरले.

मग 1972 चा दुष्काळ. आजा खडी फोडायला गेला, तिथून मुंबईला. सारा थकला. केवढा? हॉटेलात चार जणांचा चहा होईल एवढा. लिलाव पुकारला तर बोलीला कोणी नाही. महाराच्या रानाला गावात कोण बोली लावणार? सरकारनंच नाममात्र बोलीवर घेतलं आणि सातबाऱ्यावर शब्द चढला, आकारी पड. 12 वर्षांच्या आत थकबाकी, व्याज, दंड भरला तर परत मिळायची सोय कायद्यात होती. पण नोटीस डकवली पडक्या घराच्या दाराला, आणि आम्ही इथं डोंगराला.

त्या रानात विहीर आहे. आज्यानं आणि त्याच्या भावानं खणलेली. पड म्हटल्यावर बघतो कोण? कठडा ढासळला. तीन वर्षांमागं चुलत्याची शेळी पडली. मग एका पोराचा पाय घसरला. कडेची बाभळ हाताला लागली म्हणून वाचलं. चुलता अर्ज घेऊन ऑफिसात गेला. साहेब म्हणाला, जमीन सरकारची आहे, पण या कामाला पैसे कुठनं टाकणार? बरं, आम्हीच बांधतो. तर म्हणे, सरकारी जागेत बांधकाम केलंत तर अतिक्रमण होईल.

बांधलं. चोरून नाही, भर दिवसा. विटा, सिमेंट, वर लोखंडी जाळी, गवंड्याची मजुरी. 18 हजार. माझा बोनस आणि वर उसनवारी. त्या बोनसातनं कवितांचं पुस्तक काढायचं होतं. आय म्हणाली, "पुस्तक न्हाई निघालं तर कुनी मरत न्हाई."

जानेवारी 2025 मध्ये मंत्रिमंडळानं ठरवलं, महसूल कायद्याचं कलम 220 बदलायचं आणि आकारी पड जमिनी मूळ खातेदारांना, वारसांना परत द्यायच्या. राज्यात अशी 4,849 एकर. बानं कात्रण खिशात ठेवलंय, घडीवर फाटलं आता. पण पैसे भरायचे बाजारभावाच्या 5 टक्के. चहाएवढ्या साऱ्यासाठी गेलेलं रान आजच्या भावानं सोडवायचं! ते असो. मी पावत्या घेऊन विचारायला गेलो, कठड्याचे 18 हजार यातनं वळते होतील का? टेबलावरचा माणूस हसला. "तुम्हाला बांधायला कोणी सांगितलं होतं?"

मला बोलता आलं नाही. एरवी व्यासपीठावर माझा आवाज मोठा असतो.

तुमच्यापैकी जे गावोगाव फिरता, त्यांनी तलाठ्याकडे आकारी पडची यादी मागा. नुसती नावं, एकर लिहून आणू नका. रानात जाऊन बघा, विहीर आहे का, बांध कोणी घातला, कठडा कोणाच्या पैशातला. पावती असेल तर जपून ठेवायला सांगा. माझ्या मी ट्रंकेत ठेवल्यात, वह्यांच्या खाली.

काल चुलत्याचा फोन होता. जाळीला गंज चढलाय, पावसाआधी रंगाचा हात द्यायला पाहिजे. पगार सात तारखेला आहे, म्हटलं.