उघाडी

ओहोटी लागली की धेरंडच्या बांधावर धरमतरची खाडी मागे सरताना ऐकू येते. चिखलात निवट्या उड्या मारतात, तिवरांची मुळं श्वासासाठी वर डोकावतात आणि बांधाच्या पोटातली उघाडी हळूच करकरते. भरती तिला लोटून मिटवते. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी तिला आतून रेटून उघडतं. म्हणून खारेपाटात भात पिकतो. या साध्या फळीपुढे हात आपोआप जुळतात.

एका श्रावणात ती उघडेनाच. लावणीचं शेत तुडुंब झालं, रोपं कुजू लागली. बांधावरचे आजोबा वाकून बघत म्हणाले, "दार फुटलेलं नाय, अडकलंय."

आपल्या हाडांच्या मगजातही अशी एक उघाडी आहे. तिथे रोज सुमारे १० हजार कोटी न्यूट्रोफिल, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशी, तयार होतात. कोवळ्या पेशींना जाणतं व्हायला जे इशारे लागतात, त्यांतला एक 'अ' जीवनसत्त्वापासून बनलेल्या रेटिनॉइक आम्लाचा. तो ओळखणारी उघाडी घडवतं १७व्या गुणसूत्रावरचं 'रारा' जनुक. क्वचित १५वं आणि १७वं गुणसूत्र एकाच वेळी तुटतं. उधाणाच्या काळोखात घाईने बांधाची खांड बुजवावी, तशी पेशी तुटकी टोकं सांधते आणि इकडचं तिकडे जोडते. 'पीएमएल' जनुकाचा तुकडा 'रारा'ला चिकटतो. यात परकं काहीच नाही, दोन्ही तुकडे आपलेच. पण हे जोडलेलं दार असं घट्ट बसतं की नेहमीच्या इशाऱ्याने हलत नाही. कोवळ्या पेशी तुंबतात. हिरड्यांतून रक्त येतं, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात. हाच अक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया.

शिकागोच्या जॅनेट राउली घरच्या जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कापून जुळवत बसायच्या. आई कागदी बाहुल्या खेळते, असं मुलं चिडवायची. १५ आणि १७ची ही अदलाबदल त्यांनी १९७७ साली दाखवली. आज याच रायगडात, खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये, रक्ताच्या कर्करोगातले असे सांधे तपासले जातात. सूक्ष्मदर्शकाच्या अंधारात एका जनुकावर लाल ठिपका, दुसऱ्यावर हिरवा. निरोगी पेशीत ते लांब लांब असतात. जिथे एकमेकांवर येऊन पिवळे दिसतात, तिथे सांधा चुकलेला.

उपायही ओहोटीसारखाच. १९८८ साली शांघायच्या डॉक्टरांनी जगाला सांगितलं की रेटिनॉइक आम्लाचा मोठा लोट सोडला की दार हलतं. पेशी मारायच्या नाहीत, त्यांना मोठं होऊ द्यायचं. मोठ्या झाल्या की त्या आपल्या वेळेला आपणच मावळतात. जोडीला आर्सेनिक, म्हणजे सोमलाचं औषध, 'पीएमएल'चा तुकडा धरून चुकून जोडलेलं दारच मोडीत काढतं. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, कमी ते मध्यम जोखमीच्या रुग्णांपैकी ही दोन औषधं घेणारे १०० पैकी ९७ जण दोन वर्षांनंतरही आजार न उलटता सुखरूप होते. एके काळी हाच ल्युकेमिया काही दिवसांत माणूस नेत असे.

त्या श्रावणात आजोबांनी कुऱ्हाड मागवली नाही. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यांनी बिजागरीतला गाळ बोटांनी खरवडला आणि ओहोटीची वाट बघत उभे राहिले. मग फळी करकरली. पाणी निघालं. संध्याकाळपर्यंत रोपांचे शेंडे वर आले होते.